विरघळणारे पटल, वाढणारे हाड : अस्थिपुनर्निर्मितीच्या इतिहासातील महाराष्ट्राचा धागा

प्रस्तावना

मोडलेले हाड योग्य रीतीने बांधून स्थिर ठेवले तर ते जुळून येते, हे मानवाला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. मराठवाड्यात हाडवैद्याची परंपरा आजही खंडित झालेली नाही. बांबूच्या कामट्या, कापडाच्या पट्ट्या आणि कांडवेलीचा लेप ही तिची सामग्री होय. परंतु हाडाचा तुकडाच नाहीसा झाला, अपघातात चुरा होऊन गेला, पू होऊन कुजला किंवा हिरडीच्या विकारात दाताभोवतीचे हाड झिजून गेले, तर ही सर्व सामग्री निरुपयोगी ठरते. रिकाम्या झालेल्या जागेत हाड पुन्हा कसे वाढवावे, हा प्रश्न गेल्या पावणेतीनशे वर्षांच्या वैद्यकीय संशोधनाचा विषय राहिला आहे. त्याचे एक महत्त्वाचे उत्तर म्हणजे जखमेच्या जागी बसवले जाणारे, औषध हळूहळू सोडणारे आणि काम संपल्यावर शरीरातच विरघळून जाणारे पटल होय.

या पटलाचा इतिहास बहुधा परदेशी कंपन्यांच्या उत्पादनांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. त्यात भारतीयांचा, आणि विशेषतः महाराष्ट्रातील संस्थांचा, वाटा तळटीपेत जातो किंवा गळून पडतो. प्रस्तुत लेखात हा धागा मूळ इतिहासात पुन्हा ओवण्याचा प्रयत्न करण्यात आला आहे.

अशा लेखांचा आरंभ सुश्रुतापासून करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. सुश्रुतसंहितेतील भग्ननिदान व भग्नचिकित्सा या प्रकरणांत अस्थिभंगाचे प्रकार, झाडाच्या सालीच्या पट्ट्या आणि बंध यांचे सूक्ष्म वर्णन आहे. ते आपल्या अभिमानाचा विषय निश्चितच आहे. मात्र नाहीशा झालेल्या हाडाच्या जागी नवे हाड उगवण्यासाठी पडदा वापरण्याची कल्पना तेथे शोधणे हा सुश्रुताचाही सन्मान नव्हे आणि इतिहासाचाही नव्हे. ती कल्पना वेगळ्या मार्गाने आली.

हाडाचे वेष्टन

हाड ही निर्जीव काठी नसून वाढणारी ऊती आहे, याचा पहिला पुरावा एका रंगातून मिळाला. इंग्लंडमधील जॉन बेल्चियर याने १७३६ मध्ये मंजिष्ठेसारख्या रंगवनस्पतीची मुळे खाल्लेल्या जनावरांची हाडे लाल होतात, असे नोंदवले. फ्रान्समधील दुहामेल याने ही गोष्ट उचलली आणि १७४० च्या दशकात जनावरांच्या हाडावर, त्याच्या पातळ वेष्टनाखाली, चांदीच्या तारा बसवून पाहिल्या. काही काळानंतर त्या तारा नव्या हाडाखाली गाडल्या गेलेल्या आढळल्या. हाड आपल्या वेष्टनातून वाढते, असा निष्कर्ष त्याने काढला. पुढे लिऑन येथील शल्यचिकित्सक ओलिए याने १८६७ मध्ये अस्थींच्या पुनर्निर्मितीवर दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध करून या वेष्टनाचे सामर्थ्य विस्ताराने मांडले. हाडाच्या बाहेरचा पापुद्रा हाच त्याचा कारागीर आहे, ही ती मांडणी होती. आज ती जशीच्या तशी स्वीकारली जात नाही. परंतु हाडाच्या वाढीचा विचार पापुद्र्याच्या भाषेत करण्याची सवय येथूनच लागली.

स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे विल्यम मॅकइवेन याने १८७९-८० मध्ये एका लहान मुलाच्या दंडातील नष्ट झालेले हाड दुसऱ्या रुग्णांच्या पायातून काढलेल्या हाडाच्या तुकड्यांनी भरून काढले. परकीय हाडाच्या कलमाची ही पहिली यशस्वी नोंद मानली जाते. मॅकइवेन हा जोसेफ लिस्टर याचा विद्यार्थी होता, ही बाब येथे दुय्यम नाही.

विरघळणारा धागा आणि औषध

लिस्टर हे नाव जंतुनाशक शस्त्रक्रियेशी जोडले गेले आहे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याचे १८६९ मधील काम अधिक मोलाचे आहे. रक्तवाहिनी बांधण्यासाठी त्याने जनावराच्या आतड्याची तात कार्बोलिक आम्लात भिजवून वापरली. रेशमाचा किंवा तागाचा धागा जखमेत राहून पू करीत असे; ही तात मात्र शरीरात हळूहळू नाहीशी होई आणि तोपर्यंत तिच्यातील औषध जंतूंना रोखून धरी. म्हणजे शरीरात विरघळणे आणि औषध पुरवणे हे दोन्ही गुण एकाच वस्तूत आणण्याची कल्पना विसाव्या शतकातील प्रयोगशाळेची नसून एकोणिसाव्या शतकातील शस्त्रक्रियागृहाची आहे.

हाडाच्या बाबतीत हेच पाऊल जर्मनीतील ड्रेसमान याने १८९२ मध्ये उचलले. क्षय किंवा पू यांमुळे हाडात पडलेल्या पोकळ्या त्याने प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्या आणि त्या प्लास्टरमध्ये कार्बोलिक आम्लाचे पाणी मिसळले. काही महिन्यांत प्लास्टर शोषले जाऊन त्या जागी हाड तयार होत असल्याचे त्याने पाहिले. एक विरघळणारी भर, तिच्यात औषध आणि मागे उरलेले नवे हाड : आजच्या औषधवाही पटलाचे तीनही घटक येथे उपस्थित आहेत. उणीव होती ती मापाची. औषध किती वेगाने सुटावे आणि भर किती दिवस टिकावी, यांवर ड्रेसमानचे कोणतेही नियंत्रण नव्हते. ते नियंत्रण रसायनशास्त्राकडून यायचे होते आणि त्याला आणखी सात दशके लागली.

१९६६ चा निबंध

अमेरिकेतील ‘आर्काइव्ह्ज ऑफ सर्जरी’ या नियतकालिकात १९६६ मध्ये शस्त्रक्रियेतील रोपणासाठी पॉलिलॅक्टिक आम्लाच्या उपयोगावर एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याचे लेखक चार : आर. के. कुलकर्णी, के. सी. पाणी, सी. न्यूमन आणि एफ. लेनर्ड. हे काम अमेरिकी सैन्याच्या वैद्यकीय संशोधन प्रयोगशाळेतील होते. गिनीपिग आणि उंदीर यांच्या शरीरात हे बहुवारिक ठेवून पाहिले असता ते विषारी ठरले नाही, ऊतींनी त्याला विरोध केला नाही आणि ते संथपणे विघटित होत गेले, असे या चौघांनी दाखवून दिले. १९७१ मध्ये कुलकर्णी यांचे नाव अग्रस्थानी असलेला आणखी एक निबंध याच विषयावर प्रसिद्ध झाला.

या कामाचे महत्त्व समजण्यासाठी लॅक्टिक आम्ल म्हणजे काय हे आठवावे लागते. दूध विरजल्यावर त्याला आंबटपणा येतो तो याच आम्लामुळे. धावून थकलेल्या माणसाच्या स्नायूंतही ते तयार होते. ते शरीराला अनोळखी नाही. त्याचे रेणू एकमेकांना जोडून लांब साखळी केली की कठीण, पारदर्शक पदार्थ मिळतो. शरीरातील पाणी त्या साखळीचे दुवे एक एक करून तोडते. सुटलेले आम्ल पेशी जाळून टाकतात आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाणी उरते. साखळी किती लांब ठेवली आणि तिच्यात ग्लायकोलिक आम्लाचे रेणू किती मिसळले, यावर पदार्थ काही आठवडे टिकेल की वर्षभराहून अधिक, हे ठरते. ड्रेसमानला जे माप हवे होते ते येथे प्रथमच हाती आले. १९७० च्या दशकारंभी याच सैनिकी संशोधनाच्या परंपरेत माकडांच्या जबड्याचे अस्थिभंग पॉलिलॅक्टिक आम्लाच्या साहाय्याने जोडण्याचे प्रयोग झाले. पाठीशी व्हिएतनामचे युद्ध आणि चेहऱ्याला जखमा झालेले सैनिक होते. धातूची पट्टी बसवली तर ती पुढे काढावी लागते. विरघळणारी पट्टी काढावी लागत नाही, हा सरळ हिशेब होता.

कुलकर्णी हे आडनाव महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात गावोगावी आढळते. त्यावरून प्रांतिक अभिमानाची गुढी उभारण्याचे कारण नाही. तथापि अस्थिरोपणाच्या पाठ्यपुस्तकांत ज्या पदार्थाने एक प्रकरण व्यापले आहे, त्याच्या शस्त्रक्रियेतील वापराच्या पहिल्या निबंधावर अग्रभागी एक भारतीय नाव आहे आणि आपल्या महाविद्यालयांतील बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या ते कधी कानावरही पडत नाही, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

पडदा कशासाठी?

विरघळणारा पदार्थ मिळाला. पण त्याचा पडदा का करावा? याचे उत्तर शेतकरी अधिक लवकर समजू शकेल. हराळी माजलेल्या वाफ्यात संथ उगवणारे बी पेरले तर हराळी आधी पसरते आणि बी दबून जाते. जखमेतही असेच घडते. हिरडीची त्वचा आणि तिच्याखालील तंतुमय ऊती वेगाने वाढतात. हाड सावकाश वाढते. मोकळ्या झालेल्या जागेत हिरडी आधी शिरली की हाडाला जागा उरत नाही. मध्ये पडदा ठेवला तर तो हिरडीला अडवतो आणि हाडाच्या पेशींसाठी जागा राखून ठेवतो.

हा विचार एकदम सुचला नाही. १९५९ मध्ये हर्ले आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांच्या कण्यावरील प्रयोगांत स्नायू आणि हाड यांच्यामध्ये सच्छिद्र पडदा ठेवून पाहिला होता. १९७६ मध्ये मेल्चर याने, जखमेत कोणत्या पेशी प्रथम पोहोचतात यावर तेथे कोणती ऊती तयार होणार हे ठरते, असा सिद्धान्त मांडला. स्वीडनमधील नीमन, लिंडे, कॅरिंग आणि रायलँडर यांनी १९८२ मध्ये एका रुग्णाच्या खालच्या पुढच्या दाताभोवती प्रयोगशाळेतील गाळणीचा कागद बसवला. तीन महिन्यांनी तो दात काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला असता दाताला नवा आधार निर्माण झाल्याचे दिसले. १९८८ मध्ये डालिन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या जबड्यात हेच तत्त्व केवळ हाडासाठी सिद्ध केले.

पहिले पडदे टेफ्लॉनच्या जातीचे होते. ते उत्तम काम करीत. परंतु विरघळत नसल्यामुळे काही आठवड्यांनी हिरडी पुन्हा उघडून ते काढावे लागत. मधल्या काळात पडदा उघडा पडला तर त्यावर जंतू बसत आणि सगळी मेहनत वाया जाई. म्हणून १९९० च्या दशकात पॉलिलॅक्टिक आम्लाचे आणि कोलॅजेनचे विरघळणारे पडदे बाजारात आले. २००० च्या सुमारास अमेरिकेत डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक चार टक्के प्रमाणात मिसळलेल्या विरघळणाऱ्या पटलाला मान्यता मिळाली. लिस्टरची तात आणि ड्रेसमानचे प्लास्टर यांचा वारसा सुमारे शंभर-सव्वाशे वर्षांनी पटलाच्या रूपाने पूर्ण झाला.

मोठ्या हाडांच्या क्षेत्रात वाट थोडी वेगळी होती. हँबुर्गच्या बुखोल्झ याने १९७० मध्ये हाडात बसवायच्या सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळले आणि पुढे क्लेम याने त्याच सिमेंटच्या मण्यांची माळ पू झालेल्या हाडात ठेवली. रक्तावाटे दिलेले औषध कुजलेल्या हाडापर्यंत पुरेसे पोहोचत नाही. मण्यांतून ते जागेवरच कितीतरी अधिक तीव्रतेने मिळते. मात्र सिमेंट विरघळत नाही. माळ काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया आलीच.

या दुसऱ्या शस्त्रक्रियेकडे परदेशी ग्रंथ केवळ एक गैरसोय म्हणून पाहतात. मुदखेड–धर्माबाद लोहमार्गावरील उमरीसारख्या तालुक्याच्या गावातून तिच्याकडे पाहिले तर चित्र बदलते. येथील रुग्णाला मोठ्या शस्त्रक्रियेसाठी नांदेड गाठावे लागते. नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये आणि लातूरचे २००२ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी अंबाजोगाई, औरंगाबाद किंवा हैदराबाद हीच वाट होती. शेतमजुराच्या पायातील माळ काढायची म्हणजे सोबतच्या माणसाचीही मजुरी बुडते, जखम पुन्हा उघडते आणि पुष्कळदा रुग्ण ठरलेल्या तारखेला येतच नाही. विरघळणाऱ्या औषधवाहकाची खरी गरज ज्याला आहे तो हा रुग्ण होय. ज्याला ते प्रथम परवडले तो महानगरातील दंतरुग्ण होता.

मुंबईतील ऊतीपेढी

या विसंगतीला महाराष्ट्रात एक उत्तर मिळाले आणि ते कारखान्यातून नव्हे, तर प्रसूतिगृहातून आले.

मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आले. कर्करोगाच्या रुग्णालयाचा अणुऊर्जेशी संबंध किरणोपचारापुरता असावा, असे वाटते. पण त्यातून एक अनपेक्षित फळ मिळाले. तुर्भे येथे १९७४ मध्ये ‘आयसोमेड’ हे वैद्यकीय साहित्याचे गॅमा किरणांनी निर्जंतुकीकरण करणारे संयंत्र सुरू झाले होते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या आशियाई सहकार्य कार्यक्रमातून किरणांनी निर्जंतुक केलेल्या मानवी ऊतींच्या पेढ्या उभारण्याला चालना मिळाली आणि १९८८ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयात अशी ऊतीपेढी स्थापन झाली. नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे स्थापनावर्षही तेच, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे.

या पेढीत हाडाबरोबर आणखी एक ऊती तयार होते, ती म्हणजे गर्भवेष्टनाचा आतील पातळ पापुद्रा. बाळ ज्या पिशवीत नऊ महिने असते तिचे हे अस्तर होय. मराठवाड्यात वार पडल्यावर ती पुरण्याची चाल आहे. ती उघड्यावर टाकू नये, असा संकेत आहे. त्या वारेबरोबर जाणारा हा पापुद्रा जखमेवर लावण्याचे प्रयोग अमेरिकेत १९१० पासून नोंदलेले आहेत. त्यात कोलॅजेन असते, दाह कमी करणारी आणि ऊतींच्या वाढीला चालना देणारी नैसर्गिक द्रव्ये असतात, शरीर त्याला सहसा नाकारत नाही आणि काम झाले की तो शोषला जातो. जैवविघटनशील, औषधी द्रव्ये बाळगणारे पटल म्हणून ज्याची प्रयोगशाळेत जुळवाजुळव केली जाते, त्याचे एक रूप निसर्गाने प्रत्येक प्रसूतीत फुकट ठेवलेले आहे.

मातेची संमती आणि तिच्या रक्ताची तपासणी झाल्यावर हा पापुद्रा वेगळा करून धुतात, गोठवून शुष्क करतात, पाकिटात बंद करतात आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. यासाठी २५ किलोग्रे ही मात्रा प्रमाण मानली जाते. शुष्क केलेल्या ऊतीला शीतपेटी लागत नाही. जिथे बारा-बारा तासांच्या भारनियमनाची आठवण अजून ताजी आहे, तेथील शल्यचिकित्सकाला या एका गुणाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. पाकीट टपालाने किंवा प्रवाशाच्या पिशवीतूनही पोहोचते.

हाडाची कलमेही येथे तयार होतात. त्यांतील खनिज आम्लाने काढून टाकलेले चूर्ण विशेष उपयोगी ठरले. १९६५ मध्ये अमेरिकेतील मार्शल युरिस्ट याने खनिजविरहित हाड स्नायूत ठेवले असता तेथे नवे हाड उगवते, असे दाखवले होते. हाडातच हाडाला बोलावणारी प्रथिने दडलेली असतात, हा तो शोध. भारतातील दंतवैद्यकाच्या नियतकालिकांत हिरडीच्या विकारावरील निबंध चाळले तर त्यांच्या साहित्य व पद्धती या भागात टाटा रुग्णालयाच्या ऊतीपेढीचे नाव वारंवार भेटते. एवढे काम आणि त्याविषयी एवढे मौन, असे उदाहरण आपल्या वैज्ञानिक इतिहासात विरळाच.

कायदा मात्र मागाहून आला. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा अधिनियम १९९४ चा आहे. त्यात ऊतींचा समावेश २०११ च्या दुरुस्तीने झाला आणि नियम २०१४ मध्ये झाले. म्हणजे पेढीने आपल्या आयुष्याची पहिली दोन दशके अधिक काळ ऊतींसाठी स्वतंत्र तरतूद नसताना, केवळ स्वतःच्या शिस्तीवर काढली.

प्रथिनांचा धडा आणि पुण्यातील रेशीम

युरिस्टने सूचित केलेल्या प्रथिनांपैकी एक पुढे जनुकीय तंत्राने तयार करण्यात आले आणि २००२ मध्ये अमेरिकेत कोलॅजेनच्या स्पंजात भिजवून कण्याच्या शस्त्रक्रियेत वापरण्यास मान्यता मिळाली. अल्पावधीत त्याचा वापर मान्यतेच्या मर्यादेबाहेर पसरला. २००८ मध्ये मानेच्या कण्यातील वापरानंतर गळ्याला जीवघेणी सूज येत असल्याचा इशारा तेथील औषध प्रशासनाला द्यावा लागला आणि २०११ मध्ये मूळ चाचण्यांतील दुष्परिणाम कमी लेखले गेल्याची टीका प्रसिद्ध झाली. स्पंजाने औषध धरून ठेवण्याऐवजी ते फार लवकर सोडले, हे या अपयशाचे एक कारण होय. पटलात औषध घालणे सोपे आहे. ते वेळेवर आणि बेताने सोडायला लावणे कठीण आहे.

याच कठीण भागावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मूलभूत काम झाले. १९५० मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत डॉ. रघुनाथ माशेलकर १९७६ मध्ये रुजू झाले. त्यांनी आणि डॉ. मोहन कुलकर्णी यांनी बहुवारिकांतून रेणूंचे वहन कसे होते याची एकसंध मांडणी १९८३ मध्ये प्रसिद्ध केली. फुगणाऱ्या किंवा झिजणाऱ्या पदार्थातून औषधाचा रेणू किती वेगाने बाहेर पडेल, हा प्रश्न अशाच गणितावर उभा असतो. त्याच संस्थेत डॉ. अनुया निसळ आणि सहकाऱ्यांनी रेशमातील फायब्रोइन या प्रथिनापासून हाडाच्या पोकळीत भरण्याजोगी सच्छिद्र रचना तयार केली. तिचे सशांवरील निष्कर्ष २०१८ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये प्रसिद्ध झाले. ही रचना दाब सहन करते आणि संथपणे शोषली जाते. लॅक्टिक आम्लाच्या बहुवारिकात विघटनाच्या वेळी आम्लता वाढून भोवतालच्या ऊतींचा दाह होण्याचा दोष असतो. रेशमाचे प्रथिन विघटित होताना तशी आम्लता निर्माण होत नाही.

लिस्टरने जखमेतून हद्दपार केलेला रेशमाचा धागा अशा रीतीने दीडशे वर्षांनी हाडात परत आला. आणि तो मराठवाड्याला परका नाही. वारंवारच्या अवर्षणात ऊस व कापूस सोडून येथील अनेक शेतकरी तुतीकडे वळले. पूर्वी कोष विकायला त्यांना कर्नाटकातील रामनगरपर्यंत जावे लागे. २०१८ मध्ये, म्हणजे पुण्यातील तो निबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, जालना येथे कोषांची बाजारपेठ सुरू झाली. तेथे कोषाचा भाव आजही धाग्याच्या प्रतीवरून ठरतो.